‘तूं’ आणि ‘तुम्ही’

वार्षिकासाठीं दरवर्षीं कांहीं ना कांहीं लिहून देण्याचा परिपाठ मीं आजवर पाळिला आहे. कधीं वक्तशीरपणावर लिहिलें, कधीं वाचनाच्या आवडीवर. अशा लेखांत लेखक शहाणा व वाचक अजाण असें आधींच ठरून गेलेलें असतें. यंदांचा माझा विषय ‘औचित्य’ हा आहे. परंतु या खेपेस धडा मीं दिलेला नसून मला मिळालेला आहे, आणि तो देणारा तुमच्यांतीलच एक मुलगा आहे. त्याचें नांव मी सांगणार नाहीं. जे त्या वर्गांत होते त्यांस तें ठाऊक आहे. इतरांस त्याची गरज नाहीं.

गोष्ट आषाढांतील. तापामुळें मी चार दिवस अंथरुणावर होतों. पांचव्या दिवशीं शाळेंत आलों, वर्गांत शिरलों, तेव्हां पंचेचाळीस मुलें उभीं राहिलीं, एका सुरांत ‘नमस्ते सर’ म्हणालीं आणि खालीं बसलीं. मी फळ्याकडे वळतों तोंच मागल्या बांकावरून आवाज आला, “सर, तू चार दिवस कावून नाही आला?”

वर्गांत हशा पिकला. विचारणारा मुलगा त्याच वर्षीं आपल्या शाळेंत आलेला, तीन कोसांवरच्या खेड्यांतून रोज सायकलनें येणारा. मुलें त्याला हंसत होतीं. मला मात्र तीं मलाच हंसत आहेत असें वाटलें. मीं त्यास उभें केलें. “वडील माणसाशीं कसें बोलावें हें घरीं शिकविलें नाहीं काय?” असें विचारलें. तो गप्प राहिला. ‘तुम्ही’ हा शब्द शंभर वेळां लिहून आणण्याची शिक्षा मीं त्यास फर्माविली. दुसऱ्या दिवशीं त्यानें वही पुढें केली. अक्षर चांगलें होतें. मीं ते शंभर ‘तुम्ही’ मोजलेहि, खालीं सही केली, आणि शिस्तीचें एक काम नीट पार पडलें या समाधानांत दुसऱ्या तासाला गेलों.

त्यानंतर तो वर्गांत बोलेनासा झाला. पुढें तो शाळेंतच दिसेनासा झाला. आठ दिवस लोटले, तेव्हां माझें मन मला खाऊं लागलें. शनिवारीं अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मीं सायकल काढली व त्याच्या गांवची वाट धरली.

त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यांतून जाणाऱ्याला रोवणीशिवाय दुसरें कांहीं दिसत नाहीं. बांध्या पाण्यानें भरलेल्या, बायांच्या रांगा वांकलेल्या, धुऱ्यावर पऱ्ह्याच्या पेंढ्या पडलेल्या. त्याच पेंढ्या खांद्यावरून वाहतांना तो मला दिसला. वडील बाहेरगांवीं मजुरीस गेलेले. घरची रोवणी आजी, आई व हा, तिघांनीं उरकावयाची. तो रुसून घरीं बसला असेल अशी माझी कल्पना होती. तें त्याच्या गांवींहि नव्हतें. त्याला रुसण्यास सवड नव्हती.

आजी चिखलांतून बाहेर आली, हात धुतले, आणि मला घरीं घेऊन गेली. घरांतली एकुलती खाट तिनें अंगणांत टाकली, तांब्या भरून आणला. “बस बाबू. पहिले पानी पे,” ती म्हणाली. मी पाणी पिईपर्यंत ती उभीच होती. मग तिनें विचारलें, “ताप उतरला का तुझा? पोरगा सांगत होता, सर आजारी हाये म्हनून. आता बरा हायेस ना तू?”

मुलगा दाराच्या चौकटीशीं गुडघाभर चिखलानें माखलेला उभा होता. त्याचा चेहरा उतरला. माझ्याकडे एकवार पाहून तो हळूच म्हणाला, “आजी, ‘तुम्ही’ म्हन.”

आजीला कांहीं उमगेना. ती इकडेतिकडे पाहूं लागली. “कोनाले?” ती म्हणाली, “एकटाच तर आला हाये.”

ती हंसली. मला हंसतां आलें नाहीं. दोन गोष्टी एकाच क्षणीं माझ्या ध्यानांत आल्या. पहिली ही कीं, मीं केलेल्या शिक्षेचा एक शब्दहि त्यानें घरीं सांगितला नव्हता. मी आजारी होतों एवढेंच सांगितलें होतें. दुसरी ही कीं, शंभर ओळींतून मीं त्याला जें शिकविलें तें गुरुजनांचा आदर नव्हे. आपल्या आजीच्या बोलण्याची लाज वाटणें हें मीं त्याला शिकविलें होतें.

परततांना मनांत हिशेब चालू होता. मी चार दिवस आजारी होतों. ज्या चव्वेचाळीस मुलांचें व्याकरण बिनचूक होतें, त्यांपैकीं एकानेंहि माझी विचारपूस केली नव्हती. ज्यानें केली, त्याला मीं उभें केलें.

त्या रात्रीं मीं कोश उघडला. मोल्सवर्थचा मराठी कोश 1831 सालीं प्रथम निघाला व 1857 सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली. जुन्या शब्दांसाठीं आजहि त्याच्याकडे जावें लागतें. जोडीला एक संस्कृत कोश घेतला. चांगल्या वागणुकीसाठीं आपल्या भाषेंत किती शब्द आहेत, आणि ते किती निरनिराळ्या घरांतून आलेले आहेत, हें पाहून मी चकित झालों.

‘शिष्ट’ म्हणजे शिकविलेला. शिष्य, शास्त्र, शासन हे त्याचेच भाऊबंद. तेव्हां शिष्टाचार ही शिकण्याची वस्तु ठरली. ज्याला ती येत नाहीं त्याचा तो अपराध नव्हे, शिकविणाऱ्याचें तें राहिलेलें काम आहे. आणि मौज अशी कीं, ‘फार शिष्ट आहे हो तो!’ असें आपण म्हणतों तेव्हां तो शब्द गर्विष्ठ माणसालाच जाऊन चिकटतो. ‘सभ्य’ म्हणजे सभेंत बसण्यास योग्य. ज्याला सभेंत कोणीं बसूंच दिलें नाहीं त्यानें सभ्य व्हावें कोठून? ‘ग्राम्य’ म्हणजे मुळांत एवढेंच कीं, गांवचा. परंतु साहित्यशास्त्रकारांनीं त्यास काव्यदोषांच्या यादींत बसविलें. त्या न्यायानें आपला बहुतेक गोंदिया जिल्हा दोषी ठरेल. ‘अदब’ हा शब्द अरबींतला. त्या भाषेंत त्याचा अर्थ साहित्य असाहि होतो, म्हणजे वागणें व बोलणें यांस तेथें एकाच शब्दानें बांधलें आहे. ‘शिस्त’ या शब्दाचा जुना अर्थ नेम, बंदुकीचा नेम. त्या दिवशीं मींहि नेम धरला होता. तो कोणावर, हें मात्र पाहिलें नव्हतें. ‘विनय’ या शब्दांत ‘नेणें’ हा धातु आहे. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथास विनयपिटक म्हणतात. जो पुढें नेतो तो विनय. जागच्या जागीं उभें करून ठेवतो, त्यास दुसरें कांहीं नांव शोधावें लागेल.

शेवटीं मी ‘औचित्या’पाशीं आलों. अकराव्या शतकांत काश्मिरांत क्षेमेंद्र नांवाचा पंडित होऊन गेला. त्यानें ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, औचित्य हेंच काव्याचें जीवित होय. कंबरपट्टा गळ्यांत घातला आणि हार कमरेस बांधला, तर पाहणाऱ्यास हंसूं येईल, असा त्याचा दृष्टान्त आहे. मीं पुस्तक मिटलें. ‘तुम्ही’ हा अलंकार खराच सोन्याचा आहे. परंतु विचारपूस करणाऱ्याच्या गळ्यांत मीं तो फांसासारखा अडकविला होता. औचित्य शब्दांत नसतें. कोणी, कोणाला, कोठें आणि कोणत्या मनानें तो शब्द म्हटला, यांत तें असतें.

दुसरा दिवस रविवारचा. उपासनेंत प्रार्थनेस मी उभा राहिलों आणि पहिल्याच वाक्याला अडखळलों. ज्यास मी सर्व जगाचा स्वामी मानतों त्याला मी जन्मभर ‘तूं’ म्हणत आलों आहें. आणि मला स्वतःला ‘तुम्ही’ म्हणवून घेण्यासाठीं शंभर ओळी लिहवून घेतों! ही केवळ आम्हां ख्रिस्ती लोकांची रीति नाहीं. वारकरी विठोबाला ‘तूं’च म्हणतो. पुष्कळ मराठी घरांत वडिलांस ‘तुम्ही’ म्हणतात व आईला ‘तूं’. म्हणून आईचा मान वडिलांहून कमी, असें कोणी समजत नाहीं. अति दूरचा व अति जवळचा, या दोघांसहि आपली भाषा एकच लहानसा शब्द देते.

ही अडचण एकट्या मराठीची नाहीं. सतराव्या शतकांत इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स याच्या अनुयायांनीं, ज्यांस क्वेकर म्हणतात, न्यायाधीश असो कीं सरदार असो, सर्वांस एकवचनींच संबोधण्याचा नेम केला, आणि अशा वर्तनापायीं मार व तुरुंगवास सोसला. पुढें इंग्रजी व्यवहारांतून तें एकवचनच बहुतेक नाहींसें झालें. आज तेथें राजास व हमालास एकच शब्द पुरतो.

सोमवारीं तो मुलगा शाळेंत आला. रोवणी संपली होती. मीं सर्व वर्गासमोर सांगितलें, “गेल्या वेळीं यानें मला एक प्रश्न विचारला होता व मीं त्याचें उत्तर न देतां शिक्षा दिली. चूक माझी होती. उत्तर आज देतों : मला ताप होता, आतां मी बरा आहें, आणि तूं विचारलेंस याचें मला फार बरें वाटलें.” तो उभा राहिला, खालीं पाहिलें, आणि बसला. वर्ग शांत होता. मग पुढल्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, “मग सर, आम्हीं सगळ्यांनीं तुम्हांला ‘तूं’ म्हणायचें का?” या वेळीं हशांत मीहि सामील झालों.

प्रश्न मात्र खरा होता, आणि त्याचें उत्तर मी येथें सविस्तर देतों. नाहीं, ‘तुम्ही’ शिकावेंच. जो मुलगा उद्यां कचेरींत, न्यायालयांत, परगांवच्या महाविद्यालयांत जाणार आहे त्याच्या हातीं हा शब्द न देणें म्हणजे त्याला अनवाणी पाठविणें होय. मर्यादा या शब्दाचा अर्थ काठ, सीमा. आपल्याकडील जुने मालगुजारी तलाव तुम्हीं पाहिले आहेत. पार नसेल तर तलावाचें पाणी रानोमाळ जाईल. परंतु ज्यांनीं पार बांधली त्यांनींच तींत पाणी सोडण्यासाठीं तुडुम ठेवला. कारण तलाव खालच्या बांध्यांसाठीं असतो. जी मर्यादा केवळ अडविते आणि खालीं कोणाच्या शेतास पाणी देत नाहीं, ती पार अर्धीच बांधलेली आहे.

आणि अशा अर्ध्या मर्यादा आपल्या समाजानें पुष्कळ बांधल्या. ‘आपली पायरी ओळखून असावें’ असें आपण सहज म्हणतों. पायरी ही पूर्वीं नुसती म्हण नव्हती. 1951 सालीं मालगुजारी संपेपर्यंत या मुलखांत वाड्यापुढें कोण बसणार व कोण उभा राहणार हें जन्मावरून ठरत असे, आणि त्यालाहि रीतभात हेंच नांव होतें. ‘जोहार’ हा शब्द पाहा. गांवच्या वरिष्ठांपुढें महारांनीं जोहार घालावा अशी जुनी रूढि होती. वांकलेल्या पाठीचा तो शब्द होता. तोच शब्द मध्य व पूर्व भारतांतील आदिवासी बांधव आज ताठ मानेनें एकमेकांस म्हणतात. माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यांतील कचारगडास जाल, तर ‘जय सेवा’ हें अभिवादन हजारों मुखांतून ऐकाल. ‘जय भीम’ रूढ करण्याचें श्रेय ज्यांना दिलें जातें ते बाबू हरदास (1904–1939) आपल्या शेजारच्या कामठीचे. ज्यांना दुसऱ्यांनीं ठरविलेला नमस्कार करावा लागत होता, त्यांनीं आपला नमस्कार आपणच ठरविला. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांत ‘सलाम’ म्हणण्याची चाल आहे; खेड्यांत ‘राम राम’ आहे. ज्याचा जो शब्द असेल त्याच शब्दानें त्यास उत्तर देणें, याहून सोपा शिष्टाचार मला माहीत नाहीं, आणि याहून क्वचित् पाळला जाणाराहि नाहीं.

सौजन्य लहान वाटतें, पण तें किती दूर जातें याचें एक उदाहरण आपल्याच लोहमार्गावरचें आहे. कवि नारायण वामन टिळक हे नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले होते. ही गाडी गोंदियावरूनच जाते. त्यांच्या डब्यांत अर्नेस्ट वॉर्ड नांवाचे एक परदेशी मिशनरी होते. त्या काळीं गोऱ्या प्रवाशाकडून देशी माणसानें सौजन्याची अपेक्षा करूं नये अशी स्थिति होती. या गृहस्थांनीं मात्र त्यांस आदरानें वागविलें, आणि दोघांचें संस्कृत काव्याविषयीं बोलणें झालें. जातांना त्यांनीं टिळकांस नवा करार दिला. पुढें 1895 सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, हा इतिहास सर्वश्रुत आहे; तो येथें बाजूस ठेवूं. मला सांगावयाचें तें इतकेंच कीं, परक्या प्रवाशानें दाखविलेलें तें सौजन्य टिळक पुढें विसरले नाहींत.

आतां पालकांस एक विनंति. आपलीं मुलें वडील माणसांस ‘तुम्ही’ म्हणतात कीं नाहीं, इकडे आपलें बारीक लक्ष असतें. तीं ‘तूं’ कोणाला म्हणतात, इकडे मात्र आपण पाहत नाहीं. भाजीवाली, हमाल, रिक्षावाला, धुणेंभांडी करणारी बाई, हीं वयानें आजी-आजोबांएवढीं असलीं तरी घरांतलें सात वर्षांचें मूल त्यांना बेलाशक ‘तूं’ म्हणतें, आणि आपणांस त्यांत अनुचित असें कांहीं दिसत नाहीं. हा ‘तूं’ त्या आजीचा ‘तूं’ नव्हे. तिचा खाट टाकणारा होता. हा उभें ठेवणारा आहे.

हें लिहितांना मी स्वतः निराळा उरत नाहीं. शाळेंत एक शिपाई माझ्याहून दहा वर्षांनीं वडील आहेत. पंधरा वर्षें मी त्यांस ‘तूं’ म्हणत आलों. त्या प्रसंगानंतर एके दिवशीं मीं त्यांस म्हटलें, “जरा ही वही कार्यालयांत नेऊन द्याल का तुम्ही?” ते दारांतच थबकले. चेहरा पडला. म्हणाले, “सर, माझं काही चुकलं का?” पंधरा वर्षांच्या माझ्या सभ्यतेवर याहून कठोर शेरा कोणी मारूं शकला नसता. मीं नाहीं म्हणून सांगितलें, पण त्यांचें समाधान झालें नाहीं. त्यांना तो शब्द अंगावळणीं पडण्यास, आणि मला तो न अडखळतां म्हणण्यास, दोन महिने लागले.

आपल्या मुलांच्या घरीं पोवारी बोलली जाते, गोंडी बोलली जाते, झाडीबोली बोलली जाते; बाजारांत हिंदी, वर्गांत ग्रंथांतली मराठी. मुलांनीं शाळेची भाषा उत्तम शिकावी, म्हणून आम्हीं शिक्षकांनीं झटावें. पण ती शिकतांना घरची भाषा पायदळीं पडूं देऊं नये. शुद्ध बोलावयास शिकलेला नातू आजीस गप्प करूं लागला, तर आमच्या शिकविण्यांत कोठें तरी मोठें अशुद्ध राहून गेलें आहे असें समजावें.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस नियमांची यादी देऊन मी निरोप घेत नाहीं. एक प्रश्न मात्र देतों. तोंडांतून शब्द निघण्यापूर्वीं मनाशीं विचारावें : या शब्दानें समोरच्या माणसास बसावयास जागा मिळाली, कीं त्याच्या बसल्या जागेवरून तो उठविला गेला? त्याचें उत्तर ज्याला देतां येईल त्याला कोश चाळण्याचें कारण पडणार नाहीं.

त्या मुलाविषयीं आणखी एक सांगावयाचें राहिलें. तो आतां वर्गांत बोलूं लागला आहे. प्रश्नहि विचारतो, आणि मला न चुकतां ‘तुम्ही’ म्हणतो. त्यानें मला पुन्हां कधीं ‘तूं’ म्हटलें नाहीं. हें माझ्या शिकविण्याचें यश कीं अपयश, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. गेल्या महिन्यांत मला खोकला झाला होता. मधल्या सुट्टींत तो माझ्या टेबलापाशीं आला, कागदांत बांधलेली थोडी सुंठ ठेवली, आणि “आजीनं दिली” एवढेंच म्हणून गेला. त्या वाक्यांत ‘तूं’हि नव्हता आणि ‘तुम्ही’हि नव्हता.